इंग्रजी वाचलं की कळतं, बोलायला गेलं की गाडी अडते. सराव नेमका कसा करायचा?

कासवगती (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझं शिक्षण मराठीतून झालं. इंग्रजी हा विषय होता, पण पास होण्यापुरता. आता वय 46. गेले तीन महिने रोज रात्री अर्धा तास काढून पहिल्यापासून शिकतेय. नवशिक्यांसाठी आठ-दहा ओळींचे उतारे असतात ना, कुणीतरी सकाळी उठतं, कामाला निघतं, छत्री विसरतं, तसला एक उतारा आणि त्याखाली दोघांचा छोटा संवाद. रोज एक नवा. वाचलं की कळतं. खालच्या प्रश्नांची उत्तरंही बरोबर येतात.

आणि गेल्या आठवड्यात कामावर फोन आला. पलीकडचा माणूस इंग्रजीत बोलत होता. मी 'येस... येस... ओके...' करत राहिले आणि शेवटी फोन शेजारच्या सहकाऱ्याच्या हातात कोंबला. नंतर कळलं, तो बिचारा फक्त तारीख विचारत होता. तारखांचे उतारे मी किती वाचलेत म्हणून सांगू! नुसतं रडू यायचं बाकी होतं.

तर प्रश्न असे. अर्धा तासच मिळतो, तर उतारे वाचू की संवाद? उताऱ्यातल्या प्रत्येक नव्या शब्दावर मी पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिते, ते चालेल की सवय वाईट? आणि तिसरा प्रश्न, मी मोठ्याने वाचायला लागले की नववीतला लेक फिदीफिदी हसतो, त्याचं काय करू? (तिसऱ्यावर गंभीर उत्तर नसलं तरी चालेल.)

---

उनाड_वेलांटी (सोमवार, रात्री ९:५२)

ताई, 'येस येस' संप्रदायात स्वागत. मी इथला जुना वारकरी.

एकदा वरिष्ठांनी विचारलं, "यू डिडन्ट गेट माय मेल?" मी बाणेदारपणे म्हटलं, "येस." माझ्या डोक्यात होतं, 'हो, नाही मिळाली.' त्यांनी ऐकलं, 'मिळाली.' पुढचे चार दिवस ते माझ्या उत्तराची वाट बघतायत आणि मी त्यांच्या मेलची.

---

पाटीपेन्सिल (सोमवार, रात्री १०:०५)

हाहा, अगदी अगदी. हा घोळ आपल्या भाषेतून आलेला आहे. मराठीत आपण समोरच्याच्या वाक्याला हो किंवा नाही म्हणतो. 'मिळाली नाही ना?' 'हो, नाही मिळाली.' इंग्रजीत प्रश्न उलटा असो की सुलटा, मिळाली असेल तर येस, मिळाली नसेल तर नो. "नो, आय डिडन्ट." नुसतं येस किंवा नो म्हणून थांबूच नका, मागे ती छोटी शेपटी जोडा. शेपटी जोडली की घोळ होत नाही.

---

निवृत्त_खडू (सोमवार, रात्री १०:४८)

कासवगती ताई, तीस वर्षं वर्गात इंग्रजी शिकवलं. त्यातली पहिली दहा वर्षं चुकीची शिकवली असं आता वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'उतारा की संवाद' हा प्रश्नच मला फारसा पटत नाही. रोज नवा उतारा, यात खरी अडचण आहे. वाचून कळणं म्हणजे शब्द समोर आल्यावर त्याला ओळखणं. बोलणं म्हणजे शब्द समोर नसताना त्याला हाक मारणं. रस्त्यात भेटलेला चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही, तशातली गत. रोज नव्या चेहऱ्यांना भेटलात तर नावं कधी पाठ होणार?

एक उतारा चार दिवस वापरा. पहिल्या दिवशी नुसता वाचा. दुसऱ्या दिवशी, आवाज उपलब्ध असेल तर, कागद बंद करून ऐका. तिसऱ्या दिवशी जे करायचं ते महत्त्वाचं. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक होते. गेल्या शतकात त्यांनी ढाक्याला बरीच वर्षं काम केलं, बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला सोपं जावं म्हणून मोजक्या शब्दांची वाचनपुस्तकं केली. त्यांची एक साधी युक्ती आहे: वाक्याचा एक तुकडा डोळ्यांत भरून घ्यायचा, मान वर करायची, आणि समोर बघून तो बोलायचा. कागदात बघत बोलायचं नाही. पुन्हा खाली बघा, पुढचा तुकडा उचला, पुन्हा मान वर. खाली बघणं आणि बोलणं यांच्या मधल्या त्या अर्ध्या क्षणात वाक्य तुमच्या डोक्यातून जातं. कागदावरून थेट तोंडात गेलेलं वाक्य डोक्याला न शिवताच जातं. वर्गात खडाखडा वाचणारी मुलं मी अशी शेकड्याने पाहिली. उतारा संपल्यावर 'कशाबद्दल होतं रे?' विचारलं की माझ्याकडेच बघायची.

चौथ्या दिवशी उताऱ्याचे प्रश्न करा. उत्तरं नकोत, प्रश्न. समजा वाक्य आहे, "मीना लीव्हज होम ॲट एट." आता स्वतःलाच विचारा: "डझ मीना लीव्ह होम ॲट एट?" "डझ शी लीव्ह ॲट एट ऑर ॲट नाइन?" "व्हेन डझ शी लीव्ह?" "हू लीव्हज ॲट एट?" आणि शेवटी तिला बाजूला सारून, "व्हेन डू यू लीव्ह होम?" झाला की नाही उताऱ्याचा संवाद? आठ ओळींतून तीस-चाळीस वाक्यं निघतात, नवा शब्द एकही न शिकता.

आपल्याला प्रश्न करणं जड जातं. मराठीत वाक्य आहे तसं ठेवून शेवटी 'का' लावलं की काम भागतं. इंग्रजीला तो 'डू' नाहीतर 'डझ' आधी पुढे आणून बसवावा लागतो, आणि तो बसला की 'लीव्हज'मधला शेवटचा 'ज' गळतो. नियम पाच मिनिटांत कळतो, पण जिभेवर बसायला दोनशे वेळा म्हणावा लागतो.

लेकाच्या हसण्यावर उद्या लिहितो, झोप आली.

---

तिसरी_घंटा (सोमवार, रात्री ११:१०)

खडू सर, 'डोक्याला न शिवताच' हे माझ्या सगळ्या शालेय इंग्रजीचं वर्णन आहे.

---

आधी_व्याकरण (मंगळवार, सकाळी ८:१५)

थोडा असहमत. तयार संवाद पाठ करणं ही पोपटपंची. "हाउ आर यू? आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?" हे आख्ख्या जगाला पाठ आहे. समोरचा "नॉट सो गुड" म्हणाला की पोपटाची चोच बंद. आधी काळ, क्रियापदाची रूपं, शब्दक्रम पक्के करा. 'आय डिड नॉट वेंट' असं बोलत राहिलात तर तेच अंगवळणी पडेल आणि पुढे खरवडून निघणार नाही. पाया कच्चा ठेवून माडी बांधू नये.

---

बोबडी_वळली (मंगळवार, सकाळी ९:०२)

सगळे काळ तक्त्यासकट पाठ असलेला माणूस बोलतोय. 'आय शॅल हॅव बीन गोइंग' झोपेत म्हणू शकतो. लिफ्टमध्ये कुणी "व्हिच फ्लोअर?" विचारलं तर बोट दाखवतो.

---

निवृत्त_खडू (मंगळवार, सकाळी ११:३०)

@आधी_व्याकरण, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. 'नॉट सो गुड' म्हणल्यावर चोच बंद होते हे अगदी खरं. पण तो दोष पाठांतराचा नाही, पाठ्यपुस्तकातले संवाद तिसऱ्या ओळीला मरतात त्याचा आहे. खरं बोलणं तिथून पुढे सुरू होतं. म्हणून संवाद वाचताना शेवटची ओळ झाकायची आणि समोरचा वेगळंच काही म्हणाला तर काय, हे बोलून बघायचं. "नॉट सो गुड." "ओह. व्हॉट हॅपन्ड?" बस, दोन शब्द. पण गप्पा जिवंत राहिल्या.

'डिड नॉट वेंट'बद्दल: चूक होते कारण आपण मनात 'गेलो' म्हणतो आणि 'गेलो'ला 'वेंट' चिकटलेला असतो. नियम सांगून मी ही चूक वर्षानुवर्षं सुधारली नाही. 'आय डिडन्ट गो, आय डिडन्ट सी, आय डिडन्ट नो' असं एकत्र, ताल धरून म्हणायला लावलं तेव्हा सुधारली. 'डिडन्ट' कानावर पडला की पुढे 'गो'च येतो, जसं 'इकडे' म्हटलं की 'तिकडे'. आधी तुकडा जिभेवर, नियम मागाहून.

---

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी १:४५)

मी कुठेतरी वाचलं होतं की भरपूर ऐका-वाचा, बोलणं आपोआप येतं. लहान मूल तसंच शिकतं. मग एवढा खटाटोप कशाला?

---

पाटीपेन्सिल (मंगळवार, दुपारी २:२०)

@रात्रपाळी, भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांची मांडणी साधारण तशी आहे: आपल्या पातळीच्या किंचित वरचं, पण समजणारं भरपूर कानाडोळ्यांवर पडू द्या. त्यात तथ्य आहेच. पण कॅनडात काही इंग्रजी घरांतली मुलं शाळेत बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकत. मेरिल स्वेन यांनी त्यांचा अभ्यास केला आणि 1985 मध्ये लिहिलं, की वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकूनही, आणि उत्तम समजत असूनही, बोलण्या-लिहिण्यात ती मुलं मागे होती. कारण त्यांच्यावर नीट वाक्य करून बोलायची वेळच फारशी येत नव्हती. बोलायला गेलं की कळतं, अरे, हे मला म्हणता येत नाही. ती खाच सापडली की पुढच्या वेळी वाचताना डोळा बरोबर तिथे थांबतो. म्हणजे बोलल्यामुळे वाचन सुधारतं, आणि मग वाचल्यामुळे बोलणं.

आणि लहान मूल दिवसभर तेच करत असतं हो. आपल्याकडे अर्धा तास.

---

उनाड_वेलांटी (मंगळवार, दुपारी २:३१)

शिवाय लहान मुलाला नववीतला लेक हसत नाही.

---

तिसरी_घंटा (मंगळवार, सायंकाळी ६:००)

माझं सगळं काम फोनवर चालतं, तेव्हा तारखेच्या किश्श्यावर बोलायचा मला हक्क आहे.

ताई, फोनवरचं इंग्रजी सगळ्यात अवघड. चेहरा नाही, हातवारे नाहीत, ओठ दिसत नाहीत. तिथे अडलात म्हणजे तुम्हाला इंग्रजी येत नाही असं मुळीच नाही. तुम्हाला उत्तर येत नव्हतं असंही नाही. तुम्हाला थांबवता येत नव्हतं. मी सुरुवातीला दुसरं काही शिकले नाही, फक्त थांबवायची वाक्यं शिकले. "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" "अ लिटल स्लोअर, प्लीज." "जस्ट अ मोमेंट." "डू यू मीन धिस मंडे ऑर नेक्स्ट मंडे?" एवढ्या चार काठ्यांवर मी वर्षभर चालले.

त्यातली शेवटची फार कामाची. 'समजलं नाही' म्हटलं की लोक तेच वाक्य त्याच वेगाने, फक्त मोठ्या आवाजात म्हणतात. आपण बहिरे नसतो, हे त्यांना कसं सांगावं! पण 'हे की ते' असा पर्याय दिला की उत्तर एका शब्दात येतं आणि तो शब्द आपल्याला माहीत असतो.

आकड्यांचं वेगळं. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात. 'टीन'वाल्या आकड्यांत, आकडा सुटा असेल तर, जोर शेवटी असतो, फिफ्टीन. 'टी'वाल्यांत सुरुवातीला, फिफ्टी. तरी खात्री नसेल तर सरळ विचारा, "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?" याची लाज वाटून घेऊ नका. वैमानिकसुद्धा आकडे सुटे सुटे म्हणतात, आणि अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे ठरलेले शब्द वापरतात, ते काय हौस म्हणून? चुकीचं ऐकू येणं सगळ्यांचंच होतं, म्हणून तर 1956 पासून तो संच जगभर एकसारखा वापरतात.

आणि 'कॅन'. पुस्तकात कॅन, प्रत्यक्षात 'कन', तेही गिळलेलं. "आय कन डू इट." ठसठशीत 'कॅन' किंवा 'कान्ट' ऐकू आला तर तो बहुधा नकार समजा, निदान पुन्हा विचारा. माझी एक अख्खी दुपार यात वाया गेली आहे.

---

कासवगती (मंगळवार, रात्री ९:३०)

केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. घंटाताई, 'मोठ्या आवाजात तेच वाक्य' याला हसून हसून पुरेवाट. तो माणूस हुबेहूब तेच करत होता.

खडू सर, आज मान वर करून वाचलं. आठ ओळींना वीस मिनिटं लागली! कळत होतं असं वाटणाऱ्या निम्म्या ओळी मान वर केली की गायब.

एक शंका. "इट इज रेनिंग" मधला इट कोण? पाऊस म्हणावा तर पाऊस 'रेन' मध्ये आहेच.

---

आधी_व्याकरण (मंगळवार, रात्री ९:५५)

कोणीच नाही. इंग्रजी वाक्याला कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवलेली चालत नाही. कुणी बसायला नसलं तर 'इट'ला बसवतात. इट इज लेट, इट इज डार्क, इट इज फाइव्ह ओ'क्लॉक. मराठीत 'उशीर झाला', 'अंधार पडला' म्हणून मोकळं होता येतं.

---

बोबडी_वळली (मंगळवार, रात्री १०:०१)

म्हणजे इट हा बदली कामगार.

---

पाटीपेन्सिल (मंगळवार, रात्री १०:२५)

खुर्चीचा विषय निघालाच आहे तर 'मला' आठवा. नवशिक्या मराठी माणसाची मोठी अडचण हा 'मला' आहे. मला भूक लागलीये, मला सर्दी झालीये, मला माहीत आहे, मला आवडतं, मला दोन भाऊ आहेत, मला दिसत नाहीये. आपण 'मला'ला शोधत 'टू मी' करतो आणि वाक्य तिथेच रुतून बसतं. इंग्रजीत या सगळ्यांना 'आय'च्या खुर्चीत बसवतात: आय ॲम हंग्री, आय हॅव अ कोल्ड, आय नो, आय लाइक इट, आय हॅव टू ब्रदर्स, आय कान्ट सी. मी शिकताना एका पानावर दिवसभरातले सगळे 'मला' लिहून काढले होते. पन्नासेक निघाले. तेवढे पालटून घेतल्यावर रोजच्या बोलण्यातला मोठा हिस्सा सुटला.

उतारा मराठीत मनात आणून मग इंग्रजी करू नये म्हणतात, ते खरं असेल. पण सुरुवातीला मन मराठीतच बोलतं, त्याला काय करणार. निदान कुठे वळण आहे ते माहीत असावं.

---

रात्रपाळी (मंगळवार, रात्री ११:४०)

'मला' सुटलं. आता 'कितवा' कसं विचारायचं सांगा. 'तू आईवडिलांचा कितवा मुलगा?'

---

उनाड_वेलांटी (मंगळवार, रात्री ११:४१)

आला! आला! इंग्रजीवरचा धागा आणि 'कितवा' आला नाही असं होतच नाही. कितव्या प्रतिसादात आला कुणी मोजलं का?

---

निवृत्त_खडू (बुधवार, सकाळी ७:१०)

इंग्रजीत त्याला एक शब्द नाही. "आर यू द एल्डेस्ट?" विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. तो सांगतो, "नो, आय ॲम द थर्ड." शब्द नसला तरी माहिती मिळते. नवशिक्याने शिकायचं ते हेच, शब्द अडला तर त्याला वळसा घाला. 'कुलूप' आठवत नसेल तर "द थिंग ऑन द डोअर, यू ओपन इट विथ अ की." वर्गात मी याचा खेळ घ्यायचो. एकाला चिठ्ठीवर शब्द द्यायचा, तो न उच्चारता त्याने इतरांना ओळखायला लावायचा. सगळ्यात गप्प मुलं त्या तासाला बोलायची, कारण व्याकरणाकडे कुणाचं लक्षच नसायचं.

---

कानोसा (बुधवार, सकाळी १०:१५)

दुसरा प्रश्न सगळे विसरले, म्हणून लिहितोय. देवनागरीत उच्चार लिहावेत का?

माझं मत: लिहू नका. पश्चिम दिशा 'वेस्ट' आणि बनियनचा 'वेस्ट' देवनागरीत सारखेच. पहिल्याला ओठांचा चंबू लागतो, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आपला 'व' दोन्हींच्या मधला. एकदा 'वेस्ट' लिहिलं की दोन्ही ठिकाणी आपला व निघणार.

---

पाटीपेन्सिल (बुधवार, सकाळी १०:४०)

त्यासाठी 'व्ह' आहे की. व्हॅन, व्हिडिओ.

---

कानोसा (बुधवार, सकाळी १०:५२)

आणि 'व्हॉट', 'व्हेअर', 'व्हाय'? तिथेही आपण व्हच लिहितो. म्हणजे ज्या दोघांना वेगळं करायला व्ह आणला, त्या दोघांनाही तोच.

---

पाटीपेन्सिल (बुधवार, सकाळी १०:५५)

...हे बिनतोड आहे. पेन्सिल खाली ठेवली.

---

तिसरी_घंटा (बुधवार, दुपारी १२:३०)

इतकं कडक नको. इंग्रजी स्पेलिंगवर तरी कुठे विसंबता येतं? 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला 'बी' कुणी उच्चारत नाही. लॅटिन मुळाशी नातं दाखवायला विद्वानांनी तो मागाहून घुसवला. 'आयलंड' मधला 'एस' असाच उपरा. अशा फसव्या शब्दांवर देवनागरीत लिहिलं तर काय बिघडलं? पण प्रत्येक शब्दावर लिहिलं की डोळा फक्त वरची ओळ वाचतो, हे मात्र अनुभवाने सांगते. माझी एक वही अशी भरली आणि शेवटी लक्षात आलं, आपण चार महिने देवनागरीच वाचतोय.

मधला मार्ग म्हणजे उच्चार न लिहिता फक्त जोर कुठे द्यायचा तिथे टिंब द्या. फोटोग्राफमध्ये पहिल्यावर, फोटोग्राफरमध्ये दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर. आपण मराठी माणसं सगळी अक्षरं समान वाटून बोलतो. समोरच्याला कळत नाही त्याचं कारण बरेचदा हेच असतं, आपलं व्याकरण नव्हे.

---

रात्रपाळी (बुधवार, दुपारी ३:१०)

वाचायला नेमकं काय घ्यावं पण? मी बातम्या वाचायला घेतल्या, दर ओळीला शब्दकोश. तिसऱ्या दिवशी सोडलं.

---

पाटीपेन्सिल (बुधवार, दुपारी ४:००)

साहजिक आहे. मदतीशिवाय नीट समजायचं तर शंभरातले 98 शब्द ओळखीचे असावे लागतात, असं हू आणि नेशन या अभ्यासकांनी 2000 साली दाखवलं. म्हणजे शंभर शब्दांच्या उताऱ्यात दोन अडले तर ठीक. चार-पाच अडले तर शब्दकोश घेऊन बसा, शिकायला तो उतारा चांगला. दहा अडले तर आजचा दिवस त्याचा नाही, सोपा घ्या. यात कमीपणा काही नाही.

सोप्या बातम्या हव्या असतील तर व्हॉइस ऑफ अमेरिकाने 1959 मध्ये नवशिक्यांसाठी बातम्या सुरू केल्या होत्या. साधारण 1,500 शब्दांच्या आत, लहान वाक्यं, आणि मुद्दाम संथ वाचन. विकिपीडियाचीही सोप्या इंग्रजीतली वेगळी आवृत्ती आहे. ओळखीच्या विषयाचा लेख आधी मराठीत वाचा, मग तिथे. काय चाललंय हे आधीच माहीत असलं की शब्द स्वतःहून अर्थ सांगतात.

---

आधी_व्याकरण (बुधवार, सायंकाळी ५:२०)

अवांतर: कमी शब्द म्हणजे सोपं, हा एक गोड गैरसमज. ऑग्डेन नावाच्या गृहस्थांनी 1930 मध्ये 850 शब्दांचं 'बेसिक इंग्लिश' काढलं. क्रियापदं किती? 18! बाकी सगळं 'गेट', 'पुट', 'टेक' यांना शेपट्या लावून. पण 'पुट' माहीत, 'अप' माहीत, 'विथ' माहीत, आणि 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, हे कुणाच्या बापाला कळणार?

---

निवृत्त_खडू (बुधवार, सायंकाळी ६:४५)

@आधी_व्याकरण, एखादा परका 'बोलून गेला' ऐकून दाराकडे बघतो, तसंच हे. 'टाकून दिलं' मध्ये देणं कुठे आहे? आपणही कमी नाही.

लेकाचं राहिलं होतं. ताई, त्याला मास्तर करा. अट अशी, मधे बोलायचं नाही, आणि शेवटी तीनच चुका सांगायच्या. तीन निवडायच्या तर त्याला नीट ऐकावं लागेल. ऐकता ऐकता हसू विरतं.

---

बोबडी_वळली (बुधवार, रात्री १०:१५)

आमच्याकडे नवरा-बायकोने ठरवलं, भांडण इंग्रजीतच करायचं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "यू ऑल्वेज..." आणि पुढचं क्रियापद शोधायला गेली. मी तोवर "आय नेव्हर..." म्हणून अडलो. दोघंही शब्दकोश घेऊन बसलो. भांडणाचा विषय काय होता ते अजून आठवत नाहीये.

---

रात्रपाळी (बुधवार, रात्री ११:३०)

दोन नवशिके एकमेकांशी बोलले तर एकमेकांच्या चुका उचलत नाहीत का?

---

तिसरी_घंटा (गुरुवार, सकाळी ९:००)

थोड्या उचलतात. पण एकट्याने आरशाशी बोलण्यापेक्षा बरं, कारण आरसा 'म्हणजे?' असं विचारत नाही. आम्ही दोघी मैत्रिणी रोज दहा मिनिटं फोन करायचो. आदल्या दिवशीचा एकच उतारा दोघींनी वाचलेला, एकीने विचारायचं, दुसरीने सांगायचं. विषय ठरलेला असला की 'आता काय बोलू' हा प्रश्नच येत नाही. मराठी शब्द आला तर चालायचा, पण वाक्य थांबवायचं नाही. "आय वॉज सो वैतागलेली" असली वाक्यं आजही आमच्यात चालतात.

---

कासवगती (तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८:५०)

धागा वर काढतेय, माफ करा. हिशेब द्यायचा होता.

रोजचा उतारा बंद केला. तीन आठवड्यांत फक्त पाच उतारे. पहिल्या आठवड्यात वाटलं, मागे चाललोय. पेन्सिल सुटली, पूर्ण नाही, टिंबांपुरती उरली. 'मला'चं पान केलं, माझे 63 निघाले. लेक मास्तर झालाय. पहिल्या दिवशी तीन चुका सांगायच्या तर त्याने अकरा आणल्या. म्हटलं, तीन निवड. निवडायला त्याला माझ्याहून जास्त वेळ लागला. काल त्यानेच विचारलं, "आई, इथे डू येईल की डझ?" मी मान वर करून सांगितलं.

आणि परवा तोच फोन आला. तोच माणूस, तोच वेग. मी म्हटलं, "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" त्याने अर्थातच मोठ्याने म्हटलं. मग मी म्हटलं, "अ लिटल स्लोअर, प्लीज." तो खरंच हळू झाला! त्याने तारीख सांगितली, फिफ्टीन का फिफ्टी अशी शंका आली, आणि मीही विचारलं, "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?" तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "मॅडम, इट इज अ डेट." पन्नास तारीख कुठून येणार हो! दोघंही हसलो. इंग्रजीत कुणाबरोबर हसण्याची माझी पहिलीच वेळ.

पण गोची पुढे झाली. काम संपलं, तो "एनिथिंग एल्स?" म्हणाला, मी "नो" म्हटलं, आणि पुढे काय म्हणायचं ते न सुचल्याने फोन ठेवून दिला. फार उद्धट वाटलं असेल. तर आता नवा प्रश्न, फोन संपवायचा कसा?

---

उनाड_वेलांटी (शनिवार, रात्री ८:५८)

पन्नास तारीख!! ताई, संप्रदायातून तुमचं नाव कमी करण्यात येत आहे.

---

तिसरी_घंटा (शनिवार, रात्री ९:२०)

माझीच काठी आणि माझ्याच डोक्यात! तारखेचं मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

संपवायला दोन टप्पे लागतात, आपल्यासारखेच. आपण 'बरं, चला मग' म्हणतो आणि मग ठेवतो, एकदम ठेवत नाही. इथे 'चला मग'च्या जागी "ऑल राइट देन" किंवा नुसतं लांबवलेलं "ओके...". मग जे ठरलं ते एकदा: "सो, द फिफ्टीन्थ." तो "येस" म्हणाला की "थँक यू, बाय."

---

आधी_व्याकरण (शनिवार, रात्री ९:४१)

फिफ्टीन्थच्या आधीचा 'द' विसरू नका.

---

बोबडी_वळली (शनिवार, रात्री ९:४४)

ऑल राइट देन...

---

रात्रपाळी (शनिवार, रात्री ११:५५)

ताई, ते 63 'मला' इथे टाका ना. माझे अजून 12 वरच अडलेत.